चूक कोणी दाखवावी?

मी भौतिकशास्त्राचा शिक्षक. बालशिक्षण हा माझा विषय नव्हे आणि त्याचे पद्धतशीर शिक्षणही मी घेतलेले नाही. तरीही या अंकासाठी लिहायला बसलो तो याच विषयावर. त्याला आमच्या प्रयोगशाळेत घडलेली एक लहानशी गोष्ट कारण झाली. ती आधी सांगतो.

पी. यू. सी. च्या पहिल्या वर्षाची तुकडी साध्या दोलकाचा प्रयोग करीत होती. प्रयोग सर्वांच्या परिचयाचा आहे. १०० सेंटिमीटर लांबीचा दोलक, २० आंदोलने, हातात स्टॉपवॉच. वेळ मोजायची आणि सूत्रात घालून गुरुत्वत्वरण काढायचे. एका विद्यार्थ्याची वेळ आली ३८.२ सेकंद, आणि उत्तर आले १०८२. तो जर्नल घेऊन माझ्याकडे आला. मी घाईत होतो. "पुस्तकात किती आहे? ९८०. मग हे काय?" एवढेच मी म्हणालो. तो मुकाट्याने जागेवर गेला. पाच मिनिटांनी परत आला तेव्हा उत्तर ९७९ झाले होते. दोलकाला त्याने पुन्हा हात लावला नव्हता, रबराला मात्र लावला होता. हे मला दिसले. तरी मी सही केली आणि पूर्ण गुण दिले.

त्याच आठवड्यात माझ्या अक्काच्या बालवाडीत जाण्याचा योग आला. शहापूरच्या एका गल्लीत दोन खोल्यांत ती पंधरा-वीस मुले सांभाळते. निम्मी मुले घरी मराठी बोलतात, निम्मी कानडी. एका कोपऱ्यात चार वर्षांची एक मुलगी चटईवर दट्ट्यांची पेटी घेऊन बसली होती. ही पेटी म्हणजे लाकडाचा एक लांबट ठोकळा. त्यात दहा खाचा आणि प्रत्येक खाचेत बसणारा लाकडी दट्ट्या. दहाही दट्टे वेगवेगळ्या मापांचे. प्रत्येकाला वर धरायला छोटी मूठ. सारे दट्टे बाहेर काढायचे, मिसळायचे आणि पुन्हा ज्याच्या त्याच्या खाचेत बसवायचे. त्या मुलीने एक बारीक दट्ट्या मोठ्या खाचेत टाकला होता. शेवटी तिच्या हातात एक जाड दट्ट्या उरला आणि समोर एक अरुंद खाच. ती त्या खाचेकडे टक लावून पाहात राहिली. मला राहवले नाही. मी खाली बसलो, चुकलेला दट्ट्या उचलला आणि योग्य जागी बसवून दिला. ती रडली नाही. "नंदु" एवढे म्हणाली, म्हणजे "माझे आहे ते". मग पेटी तशीच टाकून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

अक्का म्हणाली, "अरे, ती शोधीत होती ना! तू कशाला घातलास मध्ये हात?"

प्रयोगशाळेतल्या मुलाला मी उत्तर सांगितले होते आणि इथेही तेच केले होते. मी विचारात पडलो, अक्काच्या कपाटातली पुस्तके घरी आणली आणि वाचू लागलो. त्यातून जे समजले ते थोडक्यात मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

दट्ट्यांची पेटी बालशाळेत आणली मारिया माँटेसरी यांनी. त्या मूळच्या डॉक्टर. रोममध्ये मंदबुद्धी समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी काम करताना इतार आणि सेगें या दोन फ्रेंच वैद्यांची साधने त्यांनी अभ्यासली. पुढे ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह सुरू झाले. मुले पन्नासच्या आसपास, बहुतेकांचे आईबाप मजुरीला जाणारे. सांभाळायला एक बाई, तीही शिक्षिकेचे शिक्षण न घेतलेली. माँटेसरीबाईंनी तेथे मुलांना शिकवले त्याहून अधिक त्यांच्याकडे पाहिले. एक लहान मुलगी दट्टे बसवण्यात इतकी गुंगली की इतर मुलांना तिच्याभोवती गाणी म्हणायला लावली, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, तरी तिचे काम थांबले नाही. चाळीसहून अधिक वेळा तिने दट्टे काढले आणि बसवले. मग आपणच थांबली, जणू झोपेतून ताजीतवानी होऊन उठावी तशी.

या पेटीत असे काय आहे? माझ्या मते याचे उत्तर एकच: तिच्यात चूक लपत नाही. एक दट्ट्या चुकला तर शेवटी एक उरतोच. बाईंनी "चूक!" म्हणावे लागत नाही, शेजारच्या मुलाने हसावे लागत नाही. चूक वस्तूच दाखवते, आणि वस्तू रागावत नाही. म्हणून मूल चुकीला भीत नाही. ते पुन्हा करून पाहते. माँटेसरींच्या बहुतेक साधनांत ही योजना दिसते. गुलाबी मनोऱ्यात एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतचे दहा घन असतात. क्रम चुकला तर डोळ्यांना खटकतो. सोनेरी मण्यांत एक मणी म्हणजे एकक, दहा मण्यांची सळई म्हणजे दशक, अशा दहा सळयांचा चौरस म्हणजे शतक आणि दहा चौरसांचा घन म्हणजे सहस्र. हजार ही संख्या एकाहून किती मोठी आहे हे मूल तो घन उचलूनच जाणते. आपण मात्र पाटीवर तीन शून्ये काढून मोकळे झालो होतो!

यावर कोणी विचारील, की मग शिक्षकाचे काम काय? पुष्कळ आहे. साधन कसे हाताळायचे हे एकदा, सावकाश, कमीत कमी बोलून दाखवायचे. कोणते मूल कशासाठी तयार झाले आहे हे ओळखायचे. आणि सर्वात अवघड म्हणजे, योग्य वेळी मागे सरायचे. शिवाय सगळेच काही वस्तू सांगत नाही. 'क' ला 'क' म्हणतात हे कोणतीही पेटी मुलाला सांगणार नाही. ते माणसानेच सांगितले पाहिजे. त्यासाठी सेगें यांचा तीन पायऱ्यांचा पाठ आहे. प्रथम, "हा क, हा म". मग, "यातला म दाखव पाहू". आणि शेवटी, "हा कोणता?" अक्षर खरखरीत कागदाचे कापून पाटीवर चिकटवलेले असते, मूल त्यावरून बोट फिरवीत हे ऐकते. तिसऱ्या पायरीवर मूल अडखळले तर बाई "चुकलास" म्हणत नाहीत; आज तेवढेच पुरे करतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पायरीवर येतात.

स्वातंत्र्य दिले की गोंधळ होणार, हा आणखी एक आक्षेप. पण वर्गात प्रत्येक साधन सहसा एकच ठेवलेले असते. दुसऱ्याचे काम होईपर्यंत थांबायचे, आपले झाले की जागेवर नेऊन ठेवायचे. शिस्त आहे, ती छडीत नसून मांडणीत आहे, इतकेच.

आपल्या देशात हा विचार रुजवणाऱ्यांत गिजुभाई बधेका हे अग्रणी. ते वकील होते. आपल्या मुलाच्या शिक्षणाच्या चिंतेतून ते माँटेसरींच्या लेखनाकडे वळले आणि १९२० साली त्यांनी भावनगरला दक्षिणामूर्तीचे बालमंदिर सुरू केले. १९३० च्या दशकात आलेल्या त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातला शिक्षक वर्षभरासाठी एक वर्ग मागून घेतो, आणि पहिल्याच दिवशी त्याचा शांततेचा खेळ पार फसतो. आपला नायक फसलेला दाखवण्याइतका प्रामाणिकपणा शिक्षणावरच्या पुस्तकांत क्वचितच आढळतो.

याच भावनगरला १९२३ साली ताराबाई मोडक दाखल झाल्या. पुढे त्यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे, आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र उघडले. अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. माँटेसरींची मूळ साधने महाग. खेड्यात ती कोण घेणार? म्हणून बिया, शंख-शिंपले, खडे, पाने, बांबू हीच साधने झाली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली, तीच अंगणवाडी. थोरली मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळा कुरणात गेली, तीच कुरणशाळा. २ ऑक्टोबर १९७५ पासून देशभर निघालेल्या बालविकास केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. मुलाच्या मागे जाणे याचा इतका शब्दशः अर्थ दुसऱ्या कोणी लावला असेल असे वाटत नाही.

आपल्या कानडी विभागाच्या वाचकांना 'नलि-कलि' ठाऊक असेलच. 'आनंदाने शिका' असे सांगणारा हा कार्यक्रम १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झाला आणि पुढे कर्नाटकातील सरकारी शाळांच्या पहिल्या इयत्तांत पसरला. मुले गटागटाने कार्डे घेतात आणि आपल्या गतीने पायऱ्या चढतात. बाके आणि फळा एवढ्यावर शाळा संपत नाही हे येथे सरकारी शाळेनेच मान्य केले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शहरात 'माँटेसरी' अशी पाटी लावलेल्या काही शाळा मी पाहिल्या आहेत. साधने कपाटात कुलूपबंद आणि तीन वर्षांची मुले रांगेत बसून इंग्रजी मुळाक्षरे गिरवताहेत. पालकांनाही तेच हवे असते, कारण वही घरी दाखवता येते. शोधण्यात गेलेला तास कोणत्या वहीत दाखवणार?

असो. पुन्हा आमच्या प्रयोगशाळेकडे येतो. वाचता वाचता माझ्या ध्यानात आले की दोलक ही तर दट्ट्यांची उत्तम पेटी आहे. तो खोटे बोलत नाही. १०८२ हे उत्तर म्हणजे उरलेला जाड दट्ट्या होता. मुलाने त्याच्याकडे पाहात बसायचे, त्याऐवजी मी पुस्तकातले उत्तर सांगून त्याचा शोध बंद केला आणि त्याला रबर वापरायला शिकवले. खोट्या आकड्याला पूर्ण गुण दिले ते वेगळेच.

या वर्षी मी एक नियम केला. प्रयोगाच्या टेबलावर रबर नाही. आकडा चुकला वाटल्यास त्यावर एक रेघ मारायची, पण तो वाचता आला पाहिजे. आणि चुकलेल्या उत्तराचे कारण शोधणाऱ्याला गुण आहेत. एका जोडीचे उत्तर पुन्हा हजाराच्या वर गेले. दोघी सूत्र तपासून झाल्या, लांबी मोजून झाल्या. मी खिशात हात घालून गप्प उभा राहिलो. हे फार कठीण असते. शेवटी एक जण मोठ्याने आंदोलने मोजू लागली आणि दुसरी एकदम ओरडली, "अगं, घड्याळ सुरू करताना तू 'एक' म्हणतेस! तिथे 'शून्य' म्हणायला हवे!" वीस समजून त्या एकोणीसच आंदोलने मोजीत होत्या. पुन्हा मोजले तेव्हा ४०.२ सेकंद आले आणि उत्तर ९७७. ही चूक त्या दोघी जन्मभर करणार नाहीत. गेल्या वर्षीच्या त्या विद्यार्थ्यालाही बहुधा हीच चूक भोवली असावी. ती त्याला कधीच भेटली नाही, आणि त्याला जबाबदार मी आहे.

आपल्यापैकी काही जण उद्या शिक्षक होतील, बरेच जण आईबाप होतील. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की मूल अडले म्हणजे लगेच हात पुढे करू नका. थोडे थांबा, आणि ते कशाकडे पाहात आहे ते पाहा.

परवा पुन्हा अक्काकडे गेलो होतो. ती मुलगी त्याच चटईवर दट्टे बसवीत होती. मला पाहताच तिने पेटी जवळ ओढून घेतली. मी लांबच बसलो.