निखाऱ्यावरील भरीत व एक सूचना

जालना जिल्ह्यांत थंडीच्या दिवसांत ज्वारीच्या भाकरीबरोबर वांग्याचें भरीत होतें. त्याचा खरा स्वाद निखाऱ्यांत आहे. वांग्यास तेल चोपडून टोचे द्यावे, नाहीं तर आंतील वाफेनें तें फुटतें. ज्वालेवर साल करपते व गर कच्चा राहतो. म्हणून निखाऱ्यांवरच भाजावें. भरीत कालविल्यावर मध्यें वाटींत निखारा ठेवून, तुपाचे दोन थेंब सोडून क्षणभर झांकावें, हाच धुंगार.

परंतु थंडी म्हणून दारें-खिडक्या लावून शेगडी पेटवूं नये. निखारा धूर देत नाहीं तेव्हांही कार्बन मोनॉक्साइड देतो. हा गंधहीन, वर्णहीन वायु रक्तांतील प्राणवायूची जागा घेतो. डोकें दुखतें, भोंवळ येते व निजलेला मनुष्य दगावूंही शकतो. यास्तव शेगडी अंगणांतच मांडावी. उबेसाठीं ती निजण्याच्या खोलींत कदापि नेऊं नये.