सोय आपली, माहिती दुसऱ्याची

डिजिटल खासगीपणाची चर्चा निघाली की तागडी हमखास पुढे येते. एका पारड्यात सोय, दुसऱ्यात खासगीपणा, आणि कोणते पारडे जड ठेवायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. ऐकायला हे रास्त वाटते. ज्याला रांग नको त्याने माहिती द्यावी, ज्याला माहिती द्यायची नाही त्याने रांगेत उभे राहावे. पण या हिशेबात दोन्ही पारडी एकाच माणसाची असल्याचे गृहीत धरलेले असते. रोजच्या वापरातल्या ॲपकडे नीट पाहिले तर बऱ्याचदा चित्र वेगळेच दिसते. सोय एकाच्या पदरात पडते आणि तिच्या बदल्यात जाणारी माहिती दुसऱ्या कुणाची तरी असते. ज्याची माहिती गेली, त्याला कुणी विचारलेलेही नसते.

फेसबुकवरच्या लोकांची माहिती एका ॲपच्या वाटेने केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीकडे गेल्याचे प्रकरण २०१८ साली उघडकीस आले, तेव्हा फेसबुकने स्वतःच दिलेले भारतापुरते आकडे या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत. व्यक्तिमत्त्व चाचणीचे ते ॲप भारतात फक्त ३३५ जणांनी घेतले होते. माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता असलेल्या भारतीयांची संख्या मात्र ५,६२,४५५ होती. ३३५ सोडून बाकी सगळ्यांचा दोष इतकाच, की इथल्या किंवा परदेशातल्या कुणीतरी ते ॲप घेतले आणि तो माणूस त्यांच्या मित्रयादीत होता. पुढे २०२३ मध्ये डीएनए तपासून देणाऱ्या ‘ट्वेंटी थ्री अँड मी’ या अमेरिकी कंपनीच्या सुमारे १४,००० खात्यांत चोर शिरले. कंपनीने दूरचे नातलग शोधण्याची सोय दिलेली असल्याने त्या वाटेने सुमारे ६९ लाख लोकांचा तपशील त्यांच्या हाती लागला. या लोकांनी निदान ती सोय स्वतः चालू ठेवली होती. पण कॅलिफोर्नियात दशकानुदशके न सापडलेला एक खुनी २०१८ मध्ये पकडला गेला, तो त्याच्या दूरच्या नातलगांनी वंशावळीच्या संकेतस्थळावर टाकलेल्या डीएनएवरून. खुन्यासाठी हळहळण्याचे कारण नाही. मात्र स्वतः काहीही न देता माणूस सापडू शकतो, हे त्या तपासाने दाखवून दिले.

आपल्याकडे याचा सर्वांत कडू अनुभव झटपट कर्ज देणाऱ्या ॲपनी दिला. पाच-दहा हजारांची नड असलेला माणूस फोनमधली संपर्कयादी पाहण्याची परवानगी मागणारी चौकट वाचत बसत नाही, तो बटण दाबतो. हप्ता थकला की वसुलीवाल्यांचे फोन मामाला, साहेबाला, एखाद्या जुन्या शेजाऱ्याला जातात, कधी विद्रूप केलेल्या फोटोंसकट. ही यादी कर्जासाठी गरजेचीच आहे, असा युक्तिवाद तेव्हा होत असे. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जांच्या ॲपना संपर्कयादी, फाइली आणि कॉलच्या नोंदी यांपासून दूर राहायला सांगितले. गूगलनेही आपल्या प्ले स्टोअरवरच्या वैयक्तिक कर्जाच्या ॲपना ३१ मे २०२३ पासून संपर्क आणि फोटो बंद केले. आडवाटेने येणारी बेकायदा ॲप यामुळे संपली नाहीत, हे खरे. पण नियम पाळून मोबाइलवर कर्ज देणे त्यानंतरही चालूच राहिले. कर्ज देण्यासाठी ती यादी लागतच नव्हती, ती लागत होती धाक घालण्यासाठी. माहितीशिवाय सोय नाही असे कुणी सांगितले, की ही घटना आठवावी.

सगळीकडे इतके सोपे उत्तर मिळत नाही. बोरघाटात वाहतूक तुंबली की नकाशावर लाल रेघ उमटते, ती तिथे अडकलेल्या लोकांच्या फोनमुळेच. इतरांचे ठिकाण कळल्याशिवाय ही सोय शक्यच नाही आणि ती मोलाची आहे. नावे काढून टाकली की झाले, असे यावर सांगितले जाते. ते पुरेसे नाही. सुमारे १५ लाख मोबाइलधारकांच्या नोंदी तपासणाऱ्या २०१३ च्या एका अभ्यासात असे दिसले, की ठिकाण आणि वेळ यांचे फक्त चार ठिपके ठाऊक असले तर ९५ टक्के लोकांचा माग गर्दीतून वेगळा काढता येतो. रात्री कुठे असतो आणि दिवसा कुठे, एवढ्यावरच माणूस बराचसा ओळखू येतो. पण लाल रेघ काढायला आत्ताचा वेग पुरतो. तोच माग वर्षभर साठवण्यात घाटातल्या प्रवाशाची कोणतीच सोय नाही. म्हणून माहिती घेतली का, एवढेच विचारून भागत नाही. ती किती काळ ठेवली आणि कशाला, हेही विचारावे लागते.

हाच प्रश्न पुण्या-मुंबईच्या गृहनिर्माण संस्थांच्या फाटकाशी रोज उभा असतो. वॉचमनच्या हातातल्या फोनवर येणाऱ्याचे नाव, नंबर आणि बऱ्याचदा फोटो घेतला जातो. घरकामाच्या बाई कधी आल्या, कधी गेल्या याची नोंद होते. काही ॲपमध्ये त्यांना तारेही देता येतात. सुरक्षेची गरज कुणी नाकारत नाही, आणि जुन्या वहीचे गोडवे गाण्यातही अर्थ नाही. त्या वहीत आधीच्या पाहुण्याचा नंबर पुढचा पाहुणा आरामात वाचू शकत होता. पण वही भरली की रद्दीत जायची. तिच्यातून एका बाईंचे वर्षभराचे वेळापत्रक, त्या कोणकोणत्या घरी जातात, कुठे रेंगाळतात, हे एका बोटाने काढता येत नव्हते. ‘आमच्याकडे लपवण्यासारखे काय आहे?’ हे वाक्य या ठिकाणी तर अगदीच गैरलागू ठरते. सदनिकाधारकाने स्वतःपुरते ते खुशाल म्हणावे. तिसऱ्या मजल्यावर दोन तारे का मिळाले, याचा खुलासा करण्याची संधी नसलेल्या बाईंच्या वतीने ते म्हणण्याचा अधिकार त्याला कुणी दिला?

कायदा इथे अर्ध्या वाटेपर्यंत सोबत करतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर दीड वर्षाची मुदत आहे. या कायद्याचा मोठा भर संमतीवर आहे. शिवाय एखाद्याने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. ते योग्यच आहे, नाहीतर आजीच्या फोनमधली नावेही सरकारदरबारी जायची. मात्र त्यामुळे शंभर जणांचे नंबर एखाद्या ॲपला देऊन टाकणारा माणूस सहसा मोकळा सुटतो.

गृहनिर्माण संस्था आणि तिला ॲप पुरवणारी कंपनी मात्र घरगुती नव्हेत. पाहुण्यांची नोंद किती दिवसांनी पुसली जाते, ती समितीतले कोण कोण पाहू शकतात, रोजच्याच कुरियरवाल्याचा फोटो रोज कशाला, बाईंना त्यांच्या नावावरची नोंद दिसते का, तारे बंद करता येतात का, हे प्रश्न कंत्राट करताना विचारता येतात आणि उत्तरे करारात लिहून घेता येतात. यातल्या कशानेही फाटकावरची तपासणी ढिली होत नाही. वार्षिक सर्वसाधारण सभेत पार्किंगचा वाद मिटल्यावर उरलेल्या वेळात हा विषय निघेल, अशी वाट पाहण्यात हशील नाही. कार्यक्रमपत्रिकेत त्याला वेगळा क्रमांक एखाद्या सभासदालाच मागून घ्यावा लागेल, कारण ज्यांची ही माहिती आहे त्या बाईंना, कुरियरवाल्याला आणि खुद्द वॉचमनला त्या सभेत मत नसते.