डोंगर पाठीशी, पाणी पुढ्यात

यंदाच्या २७ एप्रिलला मेंढा-लेखाच्या परवान्याला पंधरा वर्षे झाली. २०११ साली याच दिवशी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या या लहानशा गोंड गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक त्यांनी ग्रामसभेच्या हाती दिले. बांबू कापायचा, विकायचा, ट्रकमध्ये भरून पाठवायचा तर आता सही गावाची, वनखात्याची नव्हे. देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकरी यांनी वर्षानुवर्षे रेटलेल्या कामाचे ते फळ होते. मोहनभाऊ जानेवारी २०२५ मध्ये गेले.

याच एप्रिलात गडचिरोलीत एका नव्या घराच्या वास्तुपूजेला गेलो. बैठकीत काचेच्या वाडग्यात, रंगीत गोट्यांमध्ये, लाल फीत बांधलेला ‘लकी बांबू’ ठेवला होता. शेजारी लाफिंग बुद्धा. तो बांबू मुळात बांबूच नव्हे, मध्य आफ्रिकेतल्या ड्रॅसिना नावाच्या झुडपाच्या दांड्या त्या. ज्या जिल्ह्यात मानवेल डोंगरच्या डोंगर भरून उभी आहे, पावसाळा लागला की वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोंबांची, भाजी घरोघरी शिजते, तिथे भाग्य यावे म्हणून बांबूच्या नावाचे भलतेच झाड विकत आणले होते. बुरडाने विणलेले साधे सूपही त्या घरात दिसले नाही. हे मला फार लागले.

फेंगशुई सांगते तसे जागा पारखून वस्ती करणे आपल्याला नवे नाही. शेजारच्या चंद्रपूरची जन्मकथाच तशी आहे. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावर गाठी उठल्या होत्या. झरपट नदीच्या एका डोहातल्या पाण्याने त्याला उतार पडला, तिथे पुढे अचलेश्वराचे मंदिर झाले. त्याच भागात राजाला एक ससा कुत्र्याच्या मागे लागलेला दिसला. ही जागा वीरांची आहे, इथेच शहर वसवा, असे राणीने सांगितले आणि सशाच्या मागावरून परकोटाची आखणी झाली. कथा खरी की रचलेली, हा वाद इतिहासकारांचा. पण शहर बसले ते इरई आणि झरपट या दोन नद्यांच्या मध्ये, आणि परकोट त्या पाण्याला मान देत वळणे घेत गेला. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अचलेश्वर या चार दरवाजांनी चार दिशा धरल्या.

पुढचा मराठ्यांचा काळ, मग इंग्रजांचे बंदोबस्त आणि राखीव जंगले, स्वातंत्र्यानंतर बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जाणारे बांबूचे ट्रक, १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा होणे, हे सारे शाळेच्या पुस्तकात आहे. मला थांबायचे आहे ते १९९७ ते २००७ या दशकापाशी. ते मी चंद्रपुरात राहून पाहिले.

पाचव्या वेतन आयोगाचा पैसा हातात आला होता. वीज केंद्र, कोळसा खाणी, सिमेंटचे कारखाने यांच्यामुळे पगारदारांची वस्ती वाढत होती. शहराभोवतीच्या धानाच्या बांध्यांत चुन्याच्या रेघा मारून लेआउट पडू लागले. त्याच सुमारास घरोघरी केबल आली आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत वास्तुशास्त्राची सदरे आली. आधी ईशान्येला देवघर, आग्नेयेला स्वयंपाकघर एवढेच होते. मग त्यात फेंगशुई मिसळली: पवनघंटा, तोंडात नाणे धरलेला तीन पायांचा बेडूक, धातूचे कासव, दारावर आठकोनी आरसा. जटपुरा गेटच्या बाजूला भेटवस्तूंच्या दुकानांत हे सामान काचेमागे मांडलेले असे. लग्नात स्टीलच्या भांड्यांऐवजी लाफिंग बुद्धा देण्याची रीत पडली.

आमच्या गल्लीत एका सल्लागाराने घरोघर फिरून होकायंत्र धरले. एका घराचा दक्षिणेचा दरवाजा त्याने विटांनी बुजवायला लावला. तो दरवाजा आणि मागची सांदवाडी यांच्यामधून वारा वाहायचा. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४७-४८ अंशांवर जातो. त्या घरातली म्हातारी माणसे पुढचा उन्हाळा ओल्या चादरी पांघरून काढत होती. सल्लागाराने फी घेतली आणि तो पुढच्या कॉलनीत गेला. कवेलूचे छप्पर, जाड मातीच्या भिंती, पुढे ओसरी, मागे सांदवाडी आणि तिच्यात कडुनिंब, हे आमच्या उन्हाला आमच्या वाडवडिलांनी शोधलेले उत्तर होते. त्या दहा वर्षांत ते मोडीत निघाले. मोडणाऱ्यांच्या हातात तेव्हा शास्त्राचे नाव होते, याचा राग मला आजही आहे.

दिशा पाहणाऱ्या या माणसांपैकी एकानेही नदी पाहिली नाही. इरईच्या काठी, पुराच्या पट्ट्यात, प्लॉट विकले गेले. कागदावर ते पूर्वमुखी होते. २००६ च्या पावसाळ्यात पाणी रहमतनगरात आणि आजूबाजूच्या वस्त्यांत शिरले. २०१३ मध्ये पुन्हा, २०२२ मध्ये पुन्हा. पाणी कुठून येते आणि कुठवर चढते, हे घर बांधण्याआधी पाहायचे असते, हे गोंड राजाच्या गवंड्यांना ठाऊक होते. वाऱ्याचेही तेच. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक क्षेत्रांची प्रदूषणाची मोजणी केली, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथे आले. पवनघंटा टांगलेल्या त्या घरांच्या गच्चीवर सकाळी राखेचा थर असे.

डॉ. नरेंद्र दाभोलकर त्या काळात वास्तुशास्त्राविरुद्ध गावोगाव बोलत होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. तो हवाच होता. जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला ऑगस्ट २०२१ मध्ये भानामतीच्या संशयावरून दलित माणसांना बांधून मारहाण झाली, यावरून त्याची गरज कळते. पण वास्तू आणि फेंगशुईचा बाजार त्या कायद्याच्या कक्षेत नाही. गरिबाची समजूत अंधश्रद्धा ठरते आणि पैसेवाल्याची समजूत सजावट, हा भेद मला मान्य नाही. आमच्या सिरोंच्यापलीकडे, गोदावरीच्या पैलतीरी, तेलंगणाच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी वास्तुदोषाच्या चर्चेत जुने सचिवालय पाडून नवे बांधले. एप्रिल २०२३ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्याच सरकारच्या मेडीगड्डा धरणाचे खांब त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये खचले. त्या धरणाच्या पाण्याखाली सिरोंचा तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आहेत. राजधानीतल्या इमारतीचे दोष पाहणारे पुष्कळ होते. नदीकाठच्या शेतकऱ्याचे ऐकणारे कमी होते.

मग फेंगशुईच्या मुळाशी काय आहे, हे मी मिळेल तिथून वाचत गेलो. चीनमध्ये हिची सुरुवात घराच्या सजावटीपासून नाही, पूर्वजांच्या कबरीसाठी जागा निवडण्यापासून दिसते. चौथ्या शतकातल्या ग्वो पू या विद्वानाच्या नावावर असलेल्या दफनाच्या ग्रंथात तिचे सूत्र सापडते: जमिनीतले चैतन्य वाऱ्याने विखुरते आणि पाण्यापाशी थांबते. म्हणून पाठीशी डोंगर हवा, पुढे वाहते पाणी, बाजूंना टेकड्यांचा आडोसा. पुढे दोन परंपरा झाल्या. एक डोंगर-नद्यांचे आकार वाचणारी, दुसरी होकायंत्राची. दक्षिण चीन आणि हाँगकाँगमधल्या जुन्या गावांच्या मागे आजही फेंगशुईची राने आहेत. कुऱ्हाड न लागल्यामुळे तिथे जुनी झाडे टिकली. आपल्या देवराया वेगळ्या नाहीत.

इतिहासकार ट्रिस्टन ब्राउन यांनी २०२३ च्या ‘लॉज ऑफ द लँड’ या पुस्तकात छिंग राजवटीतली न्यायालयीन कागदपत्रे तपासली आहेत. त्या काळी खाण, झाडतोड किंवा कबरीवरचे अतिक्रमण याविरुद्ध माणसे फेंगशुईच्या भाषेत दाद मागत आणि अधिकारी ती ऐकून घेत. डोंगर खणला तर त्यातली ड्रॅगनची शीर तुटते, असे गावे म्हणत. त्यात भोळेपणा होता, भाऊबंदकीही होती. पण डोंगराच्या बाजूने बोलायला गावाकडे एक भाषा होती आणि दरबारात तिला जागा होती. १९६६ च्या सांस्कृतिक क्रांतीत चीनने ही विद्या दडपली. हाँगकाँग आणि तैवानमध्ये ती जगली. पुढे अमेरिकेत लिन युन यांच्यासारख्या गुरूंनी होकायंत्रही बाजूला ठेवले आणि दारापासून मोजायचा आठ कोपऱ्यांचा सुटसुटीत नकाशा रूढ केला. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला डोंगर निवडता येत नाही, म्हणून डोंगराच्या जागी वस्तू आल्या. आपल्या दुकानांत पोचली ती ही वस्तूंची फेंगशुई.

आता गडचिरोलीकडे पाहा. एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेव आहे. दर जानेवारीत तिथे आजूबाजूच्या इलाक्यातले माडिया-गोंड जमतात. त्याच डोंगरात लोहखनिज आहे. २०१६ मध्ये तिथे खोदकाम सुरू झाले, मध्ये बंद पडले, २०२१ पासून पुन्हा जोरात चालू आहे. इलाक्यातल्या ग्रामसभा विरोध नोंदवत राहिल्या. खनिज काढण्याची मर्यादा वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेण्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये जनसुनावणी झाली. ती डोंगराच्या पायथ्याशी नाही, दूर जिल्ह्याच्या ठिकाणी झाली. आलापल्लीच्या रस्त्याने जाल तर झाडांच्या पानांवर लाल धूळ दिसेल.

याच देशात ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ग्रामसभांकडे सोपवला होता. बारा ग्रामसभा बसल्या आणि बाराही गावांनी खाण नाकारली. मेंढ्यालाही २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तो २००६ च्या वनहक्क कायद्याच्या बळावर आणि गावाच्या एकमताच्या निर्णयांवर. बांबू तोडायचा तर नवा कोंब कसा राखायचा हे गाव ठरवते. मेंढ्याच्या घरी समृद्धी आली असेल तर ती अशा बांबूने आली, वाडग्यातल्या दांड्यांनी नाही. नियमगिरीची आणि मेंढ्याची रीत सुरजागडला का लागू होत नाही, याचे उत्तर मला कोणी दिलेले नाही.

जिल्ह्याला पोलादाचे केंद्र करण्याच्या घोषणा रोज ऐकतो. रोजगार हवा आहे, रस्ते आणि दवाखाने हवे आहेत, यात वाद नाही. माझी तक्रार नव्याने शिकल्या-सवरल्या आपल्या मध्यमवर्गाशी आहे. घराच्या कोपऱ्यातला दोष काढायला आपण हजारो रुपये खर्च करतो, आणि आपल्याच जिल्ह्यातले लोक ‘आमचा डोंगर खणू नका’ म्हणतात तेव्हा त्यांना विकासाचे विरोधक म्हणून मोकळे होतो. परदेशातून आलेला बुद्ध आपल्याला शुभ वाटतो आणि ठाकूरदेव मागास. बुरडाच्या मुलाने पात्याला हात लावायचे सोडले, कारण त्याच्या टोपलीला आपण गिऱ्हाईक उरलो नाही.

फेंगशुईतून घेण्याजोगे एकच आहे आणि ते आपल्याकडे आधीपासून होते: वस्ती करणाऱ्याने डोंगर, पाणी आणि रान यांना आधी विचारावे. आजच्या काळात त्यांच्या वतीने उत्तर देण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे, आणि कायद्याने तो दिलेला आहे. इरईच्या काठचा प्रत्येक नवा लेआउट मंजूर करताना पूररेषा दाखवा. सुरजागडची पुढची प्रत्येक सुनावणी डोंगराच्या पायथ्याशी, माडिया भाषेत घ्या. आणि नव्या घरात बांबू ठेवायचाच असेल तर मेंढ्याच्या जंगलातला आणा. त्याचे पैसे गावाच्या खात्यात जातात.