एका पानाचा अर्ज दोन पानांवर का जातो? वर्डमधील फाँट आणि अंतराचे ‘डिफॉल्ट’ असे बदला

अर्ज टाइप करून झाला, मजकूर जेमतेम एका पानाचा; पण सहीची जागा दुसऱ्या पानावर गेली. मग मोकळ्या ओळी पुसा, अक्षर बारीक करा, अशी कसरत सुरू होते. पुढच्या अर्जाला पुन्हा तेच. चूक टाइप करणाऱ्याची नसते. नवी फाइल उघडतानाच फाँट, आकार आणि ओळींमधले अंतर ठरलेले असते. हे ‘डिफॉल्ट’ एकदाच बदलले, की रोजचा त्रास वाचतो.

डिफॉल्ट म्हणजे नेमके काय?

मायक्रोसॉफ्ट वर्डच्या जुन्या आवृत्त्यांत टाइम्स न्यू रोमन हा फाँट आणि एकेरी अंतर असे. वर्ड २००७मध्ये कॅलिब्री आला, ओळींमधले अंतर १.१५ झाले आणि प्रत्येक परिच्छेदानंतर १० पॉइंट मोकळी जागा सुटू लागली. वर्ड २०१३मध्ये हे आकडे १.०८ आणि ८ पॉइंट झाले. २०२३मध्ये कॅलिब्रीच्या जागी ॲप्टॉसची घोषणा झाली. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. टाइपरायटरच्या सवयीने दोनदा एंटर दाबले, तर मोकळ्या ओळीसोबत हे अंतरही दोनदा पडते.

फाँट बदलला, तरी मराठी तेच का?

वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ मानते आणि तिचा फाँट व आकार इंग्रजीपासून वेगळा ठेवते. त्यामुळे फक्त ‘लॅटिन टेक्स्ट’चा फाँट बदलला, तर मराठी अक्षरे ‘मंगल’मध्येच राहतात.

असे बदला

• संगणकावर कोरी फाइल उघडून कंट्रोल आणि डी दाबा.
• ‘लॅटिन टेक्स्ट’ आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ या दोन्ही भागांत फाँट व आकार निवडा. दुसरा भाग दिसत नसेल, तर वर्डच्या भाषा सेटिंगमध्ये मराठी जोडा.
• ‘सेट ॲज डिफॉल्ट’ दाबून ‘ऑल डॉक्युमेंट्स’चा पर्याय निवडा. फक्त चालू फाइलचा पर्याय निवडल्यास नव्या फाइलला बदल लागू होत नाही.
• ‘होम’मधील ‘पॅराग्राफ’ची खिडकी उघडा. ‘आफ्टर’मध्ये शून्य आणि ‘लाइन स्पेसिंग’मध्ये ‘सिंगल’ ठेवून पुन्हा ‘सेट ॲज डिफॉल्ट’ करा.

मंगलमध्ये वेलांटी, रफार आणि उकार यांच्यासाठी वर-खाली भरपूर जागा ठेवलेली असते. म्हणून ‘सिंगल’ ठेवूनही ओळी दूर दिसतात. अशा वेळी ‘एक्झॅक्टली’ निवडून १२ आकाराच्या अक्षराला १८ ते २० पॉइंट देऊन पाहावे. आकडा फार कमी केला, तर मात्रा कापल्या जातात.

गुगल डॉक्स वापरणाऱ्यांनी हवी तशी मांडणी केलेला परिच्छेद निवडावा. ‘फॉरमॅट’मधील ‘पॅराग्राफ स्टाइल्स’मध्ये जाऊन ‘नॉर्मल टेक्स्ट’ त्यानुसार अपडेट करावे आणि ‘ऑप्शन्स’मधून ती डिफॉल्ट म्हणून जतन करावी.

हे लक्षात ठेवा

बदल नव्या फाइलींना लागू होतो. जुन्या फाइली आपोआप बदलत नाहीत. वर्डमधले सेटिंग त्या संगणकापुरतेच असते. झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकात तो फाँट नसेल, तर पाने पुन्हा सरकतात. त्यामुळे छपाईला पीडीएफच द्यावी.

कृतिदेवसारखे जुने फाँट मात्र डिफॉल्ट करू नयेत. ते युनिकोड नाहीत. त्यांत मराठी अक्षराच्या जागी प्रत्यक्षात इंग्रजी अक्षराचा संकेत साठवला जातो. दुसऱ्या संगणकावर फाँट नसला, की अर्जाची निरर्थक इंग्रजी अक्षरे होतात. मंगल, निर्मला यूआय किंवा मोफत मिळणारा मुक्ता यांसारखा युनिकोड फाँट निवडला, तर फाँट बदलला तरी मजकूर मराठीच राहतो.