चोर सोडून सेन्सरला फाशी

डॅशबोर्डवर इंजिनाचं पिवळं चित्र पेटतं, गॅरेजवाला स्कॅनर लावतो, पडद्यावर ‘पी०१७१’ उमटतं आणि निकाल लागतो: "साहेब, सेन्सर गयो." मकरपुऱ्यापासून फतेगंजपर्यंत बडोद्यात कुठेही ऐकू येणारं हे वाक्य. गंमत म्हणजे सेन्सर बिघडला असं पी०१७१ म्हणतच नाही. त्याचा अर्थ एवढाच, की इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. ही खबर दिली कोणी? ऑक्सिजन सेन्सरनेच. आणि काही हजारांना बदली होते ती बिचाऱ्या खबऱ्याची! फुटका व्हॅक्यूम पाइप, मळलेला एअर-फ्लो सेन्सर, दमलेला पेट्रोल पंप हे खरे चोर बॉनेटखाली आरामात बसलेले असतात.

घराणं दिव्याचं

सायलेन्सरच्या पाइपात प्लगसारखा आटे फिरवून बसवलेला हा ऑक्सिजन सेन्सर मूळचा दिव्याच्या घराण्यातला. जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट यांनी १८९७ च्या सुमारास झिर्कोनियाच्या कांडीचा दिवा बनवला. तो लागायच्या आधी कांडी तापवावी लागे, कारण थंड झिर्कोनियातून वीज जातच नाही. आजच्या सेन्सरमध्येही तेच झिर्कोनिया आणि खोडही तीच: साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या खाली तो तोंड उघडत नाही. म्हणून त्याच्या पोटात छोटा हीटर असतो. पी०१३५ आला तर हा हीटर किंवा त्याची वायरिंग तपासायची. मल्टिमीटरवर हीटरचा रोध काही ओहमच दिसायला हवा. आकडा येतच नसेल तर आतली तार तुटली, आणि तिथे मात्र सेन्सर खरोखरच गेलेला.

हे नेर्न्स्ट स्वतः मोटारींचे भलते शौकीन. चढावर गाडी दमते म्हणून त्यांनी नायट्रस ऑक्साइडचं नळकांडं जोडलं होतं, असं सांगतात. १९२० चं रसायनशास्त्राचं नोबेलही त्यांचंच. बॉश कंपनीचा हा सेन्सर व्होल्वोच्या गाड्यांत बसला तो मात्र १९७६ साली.

एका लिटरला नऊ हजार

एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते. लिटरमध्ये मोजायचं तर एका लिटर पेट्रोलला जवळपास नऊ हजार लिटर हवा! सीएनजीला त्याहून जास्त, किलोमागे सुमारे १७ किलो. इथेनॉलला जेमतेम ९, कारण थोडा ऑक्सिजन ते स्वतःच घेऊन येतं. म्हणजे पंपावर इथेनॉल मिसळलेलं ई-२० भरलं की गाडीच्या संगणकाला हिशेब नव्याने मांडावा लागतो, आणि तो मांडतो याच सेन्सरच्या भरवशावर. सीएनजीच्या गाडीत कोड आला तर गाडी आधी पेट्रोलवर चालवून बघा. पेट्रोलवर सगळं सुरळीत असेल तर बोट किटकडे जातं.

नाडी अशी बघायची

इंजिन चांगलं तापू द्या. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, सेन्सरच्या सिग्नलच्या तारेला मागून पिन लावा आणि इंजिन दोन-अडीच हजार फेऱ्यांवर धरा. आकडा ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत खाली-वर नाचला पाहिजे. ०.४५ वर खिळून राहिला तर सेन्सर झोपलाय किंवा तार तुटलीय. खालीच चिकटला तर घाई नको. ॲक्सिलरेटरला एक झटका द्या: ०.८ च्या पुढे उसळला, तर सेन्सर निर्दोष. मग एक व्हॅक्यूम पाइप काढा: आकडा झटकन पडला, तर दुसरी साक्षही झाली. एक सावधगिरी: सेन्सरच्या आधी सायलेन्सर फुटका असेल तर बाहेरची हवा आत शिरते आणि खोटी साक्ष होते. ते आधी बघा, फुकटात होतं. आणि गाडीत नव्या धाटणीचा वाइडबँड सेन्सर असेल तर मल्टिमीटर गुंडाळून ठेवा. तिथे स्कॅनरचेच आकडे वाचायचे.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागे बसलेला दुसरा सेन्सर मात्र आळशीच बरा. तोही पुढच्यासारखा नाचायला लागला तर पी०४२० येतो, म्हणजे कन्व्हर्टर थकल्याचा संशय. इथेही शिक्षा बहुधा सेन्सरलाच!

बाहेर काढल्यावर

२२ चा पाना लावून सेन्सर काढला की टोकाचा रंग बोलतो. काळी मऊ काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय. पांढरट थर म्हणजे गॅसकेटच्या सिलिकॉन पेस्टची वाफ लागली, किंवा कूलंट आत जळतंय. शिशानेही सेन्सर विषबाधा झाल्यासारखा मरतो, पण शिसं घातलेलं पेट्रोल भारतात २००० सालच्या फेब्रुवारीपासून बंद आहे. कनेक्टरवर तेलाचा फवारा मारायची हौसही आवरा. बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा तारांच्या आवरणातूनच मिळते. तेल गेलं की त्यांचा श्वासच कोंडतो.

विश्वामित्री आणि चिनी माती

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीच्या पुरात बडोद्यात असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. शेकडो अंशांवर तापलेल्या सेन्सरवर पुराचं गार पाणी आलं की आतलं सिरॅमिक तडकू शकतं. बाहेरून नग धडधाकट, आतून खलास. इंजिन गार असताना सायलेन्सरमध्ये साचलेलं पाणीही तेच करतं, म्हणून बऱ्याच गाड्यांचा संगणक ती ओल उडेपर्यंत हीटर पूर्ण ताकदीने चालू करत नाही.

तिकडे हालोलच्या ज्या कारखान्यात १९९६ पासून ओपेल ॲस्ट्रा बनत होती, तिथून आता एमजीची विजेवर चालणारी विंडसर निघते. तिला सायलेन्सरच नाही.