हायब्रिड ऑफिस आणि सोसायटीची टाकी: पाण्याचं गणित कुठे सरकलं?

सोमवार-शुक्रवार घरून, मंगळवार ते गुरुवार ऑफिस. पुण्यातल्या बऱ्याच आयटी टीमचा आठवडा आता असाच असतो, माझाही. लॅपटॉप, व्हीपीएन, मीटिंगच्या वेळा आपण या वेळापत्रकाला जुळवून घेतल्या. पाणीपुरवठ्याची गणितं मात्र माणूस दिवसभर ऑफिसात असतो असं धरूनच चालू आहेत.

आपल्याकडे इमारतीचं पाणी मोजायचा ठरलेला हिशेब आहे: घरी माणशी रोज 135 लिटर, कार्यालयात 45 लिटर. फ्लॅटमागे 5 माणसं धरली की 675 लिटर, आणि त्यावरून सोसायटीची जमिनीखालची टाकी ठरते. माणूस घरी राहिला म्हणून सरळ 135 अधिक 45 करायचं नाही, कारण ऑफिसच्या साफसफाईचं पाणी काही आपल्यासोबत घरी येत नाही. पण तीन-चार वेळा 6 लिटरचा फ्लश, दुपारच्या जेवणाची भांडी, दोन-तीन चहा आणि आरओ (हा एक लिटर गाळताना साधारण दोन-तीन लिटर फेकून देतो) असं धरलं तर माझ्या अंदाजाने माणशी 40 लिटर वाढतात. मोठ्या सोसायटीत 150 जण घरून काम करत असतील तर एका दिवसाचे 6,000 लिटर. म्हणजे 10,000 लिटरच्या टँकरचा अर्ध्याहून मोठा भाग!

लॉकडाऊनमध्ये युरोपातल्या काही शहरांत सकाळच्या पाणीवापराचा उच्चांक उशिरा सरकलेला दिसला, कारण लोक उशिरा उठायला लागले. आपल्याकडे हे नळाच्या पाण्यात फारसं दिसणार नाही. पाणी ठरावीक तास येतं, वॉल्व्हमन वॉल्व्ह फिरवतो, टाकी भरते आणि पुढचा दिवस टाकीवर निघतो. म्हणजे आपल्याकडे वेळेपेक्षा टाकीचा आकार जास्त महत्त्वाचा.

आता पिंपरी-चिंचवडची गंमत बघा. पवना धरणावर अवलंबून असलेल्या या शहरात नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणी सुरू झालं. आठवडा 7 दिवसांचा, म्हणजे विषम. त्यामुळे या सोमवारी पाणी आलं तर पुढच्या सोमवारी येणार नाही. आणि सोमवार ते शुक्रवार 4 दिवसांचं अंतर, म्हणून एकाच आठवड्यात दोन्ही दिवस पाण्याचे किंवा दोन्ही कोरडे. ज्यांचे घरून कामाचे दिवस हेच दोन, त्यांच्या सोसायटीला एक आठवडा आरामाचा आणि एक टँकरचा. कॅलेंडरवर मांडून पाहा.

शिवाय पाणी एका यंत्रणेकडून दुसरीकडे सरकतं. हिंजवडीच्या आयटी पार्कला पाणी एमआयडीसी देते. कर्मचारी राहतात वाकडला, म्हणजे पिंपरी-चिंचवड मनपाकडे, किंवा बाणेर-बालेवाडीला, म्हणजे पुणे मनपाकडे. 2021 मध्ये पुण्यात आलेल्या सूस, म्हाळुंगेसारख्या गावांत तर टँकर हा रोजचाच विषय. ऑफिसात वाचलेलं पाणी पाइपातून घरी येत नाही, खर्च मात्र मेंटेनन्समधून येतो. कंपनी इंटरनेटचं बिल देते. टँकरचं देणारी कंपनी मी तरी पाहिलेली नाही.

दुसरी बाजू ऑफिसची. शुक्रवार ते सोमवार मजला रिकामा असेल तर पाइपमधलं पाणी तसंच पडून राहतं आणि त्यातला क्लोरीन उडत जातो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा असं भारतीय मानक सांगतं. तो संपला की लेजिओनेलासारखे जिवाणू वाढायला मोकळे. उपाय साधा आहे: मंगळवारी लोक यायच्या आधी प्रत्येक नळ काही मिनिटं सोडायचा आणि क्लोरीन तपासायचा. तपासणीचा किट स्वस्त असतो, पण हे काम कोणाच्या यादीत आहे ते तुमच्या ॲडमिनला एकदा विचारा.

शहर पातळीवर पुणे मनपाची 24 तास समान पाणीपुरवठा योजना इथे कामाची आहे. 2017 मध्ये मनपाने तिच्यासाठी 200 कोटींचे रोखे काढले होते. 82 साठवण टाक्या, शहराचे छोटे विभाग आणि दुरून वाचता येणारे सुमारे 3 लाख मीटर अशी तिची रचना. विभागाचा प्रवाह तासातासाला दिसला तर बाणेरचा सोमवार आणि बुधवार वेगळा आहे का, हे अंदाजावर राहणार नाही. वॉल्व्हची वेळ मग वारानुसार बदलता येईल.

तोपर्यंत सोसायटीला करता येण्यासारखं एकच काम मला खरंच पटतं: टाकीत पातळी मोजणारा सेन्सर. ईएसपी32 बोर्ड आणि वॉटरप्रूफ अल्ट्रासॉनिक सेन्सर पुरतो. बंद टाकीत सेन्सरवर दव जमतं, म्हणून पाच-सात रीडिंग घेऊन मधलं धरायचं. तळघरात वायफाय पोचत नाही, तेव्हा बोर्ड वर ठेवून फक्त वायर खाली सोडायची. महिनाभराची नोंद झाली की रविवारी आणि गुरुवारी रात्री टाकी किती भरलेली हवी, तो आकडा हातात येतो. टँकर तेव्हाच सांगून ठेवायचा, सोमवारी सकाळी स्टँडअपच्या मध्ये नाही.