पुयांच्या भाषेचा मागोवा

मणिपूरच्या खोऱ्यात लाई हराओबाचा उत्सव मांडला म्हणजे शुभ्रवसना माइबी, म्हणजे पुजारीण, जलाशयाच्या काठी उभी राहते, हातातली घंटा वाजवीत पाण्यातून देवतांना आवाहन करते, आणि करवंटीच्या एकतारी ‘पेना’ या वाद्याच्या सुरावर तिच्या मुखातून जी प्राचीन मैतेई भाषा उमटते ती भोवतालच्या मैतेई श्रोत्यांपैकी फारच थोड्यांना उलगडते. वेदमंत्रांच्या बाबतीत आपल्याकडे जे झाले तेच तेथेही झाले.

ही भाषा एके काळी दरबाराची आणि पंडितांची होती. अगरूच्या सालीवर लिहिलेल्या पुया नामक पोथ्यांत देवकथा, वंशावळी, विधी असे सारे साठवलेले असे. सूर्यावर बाण सोडल्याची कथा सांगणारे ‘नुमित काप्पा’ हे काव्य त्याच परंपरेतले. या पोथ्यांच्या मैतेई लिपीतील अक्षरांना शरीराच्या अवयवांची नावे आहेत: कोक म्हणजे मस्तक, सम म्हणजे केस, लाई म्हणजे कपाळ, मित म्हणजे डोळा. मुळाक्षरे गिरविणारे मूल जणू आपल्याच डोक्यावरून हात फिरवीत खाली येत असावे, असे मला वाटते.

अठराव्या शतकात पामहैबा ऊर्फ गरीबनवाज या राजाच्या कारकीर्दीत, वैष्णव गुरू शांतिदास गोसावी यांच्या प्रभावाखाली, पुया जाळण्याचा हुकूम सुटला, आणि पुढे मैतेई लिपीची जागा बंगाली लिपीने घेतली. वैष्णव भक्तीने मणिपूरला रासनृत्य दिले, हे ऋण थोर आहे. तथापि पोथ्यांची होळी त्याने क्षम्य ठरत नाही. सुदैवाने काही पोथ्या वाचल्या, आणि ‘चैथारोल कुम्बाबा’ ही आपल्या जेधे शकावलीची आठवण करून देणारी दरबारची नोंदवही तर थेट १९५५ पर्यंत चालू राहिली.

१९९२ साली कोंकणीसमवेत मणिपुरीला, म्हणजे मैतेई भाषेला, राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले. जुन्या लिपीच्या मागणीसाठी मात्र २००५ साली इम्फाळचे मध्यवर्ती ग्रंथालय पेटविले गेले. ज्या जातीच्या स्मृतीत पुयांची आग अद्याप धगधगते आहे, तिच्याच काही लेकरांच्या हातून ग्रंथ जळावेत, याचे दुःख शब्दांत मावत नाही. पुढे लिपी शाळांतून शिकविली जाऊ लागली, २०२३ साली वृत्तपत्रेही तीत निघू लागली. आजची मुले पुयांची अक्षरे वाचतील, परंतु त्या अक्षरांमागचा जुना अर्थ अद्याप माइबी आणि माइबा (पुजारी) यांच्या मुखी आणि मोजक्या पंडितांच्या ठायी आहे. मणिपूरच्या विद्यापीठांनी या वृद्धांजवळ बसून, एकेका ऋचेचा अर्थ विचारून, तो आताच टिपून घ्यावा.